पुलाखालचा निरोप

माझ्या आईच्या तोंडी मी एकदा एक वाक्य घातलं. ती ते बोलली नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं. पण ते तिचं म्हणून सांगलीला पोचलं, तिथल्या माणसांनी ते खरं मानलं आणि त्याच संध्याकाळी त्याप्रमाणे सगळं उरकलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आईला तर नाहीच नाही.

तेव्हापासून आई आणि माझा मावसभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मावसभावाला मी दादा म्हणतो. येत्या डिसेंबरात दादाच्या मुलीचं लग्न आहे. परवा पुण्याहून फोनवर आई म्हणाली, "मी जाणार नाही. ज्या घरानं माझ्या बहिणीचं शेवटचं तोंड मला बघू दिलं नाही, त्या घरात जाऊन मी अक्षता टाकू?" मी नेहमीसारखा गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं. ऑफिसात तर तो माझा गुण समजतात.

मी जर्मनीत लुडविग्सहाफेनला राहतो आणि एका रसायनाच्या कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो. काम सांगायला सोपं आहे. एखादा पाइप उघडायचा असेल, टाकीत माणूस उतरवायचा असेल, तर ती जागा ज्याच्या ताब्यात आहे त्यानं स्वतः येऊन, डोळ्यांनी बघून संमती द्यायची. तिला इथे फ्रायगाबे म्हणतात. त्याच्या वतीनं दुसऱ्यानं दिलेली चालत नाही. तो जेवायला गेला असेल तर थांबायचं, रजेवर असेल तर त्याच्या जागी नेमलेला माणूस येईपर्यंत थांबायचं. नवीन आलेल्या पोरांना मी हे दरवर्षी शिकवतो. "विचारलं असतं तरी तो हेच म्हणाला असता" हे वाक्य आपल्या आवारात बोलायचं नाही, असं बजावतो. पोरं मान डोलावतात, बरोबर अशा अर्थानं "गेनाऊ, गेनाऊ" म्हणतात. बोलताना माझा आवाज जरासुद्धा कापत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी आईला इकडे आणलं. सगळ्यांना सांगितलं, आईला जरा युरोप दाखवतो. खरं कारण बायकोचं ऑपरेशन हे होतं. तिच्या मणक्यातली गादी सरकली होती, पायात कळा यायच्या, खुर्चीत धड बसवत नव्हतं. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. माझी रजा संपत आलेली. घरात कुणीतरी हक्काचं माणूस हवं होतं. आईला व्हिसा मिळाला तो एकाच प्रवेशाचा. म्हणजे एकदा परत गेली की पुन्हा यायला सगळं पहिल्यापासून, मुंबईच्या रांगेपासून. व्हिसाची ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवशी ती माझ्या डोक्यातून क्षणभरही गेली नव्हती.

ऑपरेशन बुधवारी होतं. त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारसाठी बायकोच म्हणाली, "आईंना कुठेतरी फिरवून आण. एकदा माझं झालं की त्या बिचाऱ्या घराबाहेर पडायच्या नाहीत. मी पडून राहते, शेजारची येईल डोकावायला." मुलीला वर्गातल्या मैत्रिणीनं हॉलंडमधल्या डेल्फ्टचं सांगितलं होतं. तिथे उघड्या बोटीतून कालव्यांमधून फिरवतात, पूल इतके खाली आहेत की बसल्याजागी वाकावं लागतं. तिनं हट्ट धरला. शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं, म्हणजे आई, मुलगी आणि मी, गाडीनं निघालो.

आता माईबद्दल सांगायला हवं. माई ही आईची थोरली बहीण आणि दादाची आई. सगळं घर तिला माईच म्हणायचं, दादासुद्धा. आई चार वर्षांची असताना त्या दोघींची आई गेली. तेव्हापासून आईच्या वेण्या माईनं घातल्या, आईला पहिलं पातळ माईनं नेसवलं. माईचं लग्न होऊन ती सांगलीतच दुसऱ्या गल्लीत गेली, तर आई शाळेतून परस्पर तिच्याकडे जायची. पुढे वडील गेले, एकुलता भाऊही गेला. मग दोघी एकमेकींचं माहेर होऊन राहिल्या. आई बाळंतपणाला गेली ती माईकडे. माझा जन्म त्याच घरातला.

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं पातळ माहेरचं घालतात. सासरचं कितीही भारी असलं तरी सगळ्यांत वर माहेरचं. माईनं ते आईला आधीच सांगून ठेवलं होतं, तेही मेथी निवडताना, माझ्यासमोर. "माझं शेवटचं तुझ्याकडं लागतंय गं. फुलाफुलाचं आणलंस तर उठून बसेन, आधीच सांगते." आई रागावली, मग हसली. पण त्याच दिवाळीत तिनं एक अंजिरी रंगाचं इरकली पातळ घेतलं आणि पुण्याच्या कपाटात वरच्या फळीवर जुन्या पंचात गुंडाळून ठेवलं. मला ते कपाट माहीत होतं, ती फळी माहीत होती. मला सगळं माहीत होतं.

शनिवारी सकाळी आम्ही कालव्याच्या काठी पोचलो तेव्हा ऊन छान पडलं होतं. आई आणि मुलगी धक्क्यावर बदकं बघत उभ्या होत्या. मी तिकिटाच्या रांगेत. खिशातून फोन काढला तर दादाचे बरेच कॉल येऊन गेलेले. तिकिटं घेतली, जरा बाजूला झालो आणि फोन लावला.

"माई गेली रे," दादा म्हणाला. "पहाटे. झोपेतच गेली."

त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. दादाचं मात्र शब्दन् शब्द आठवतं. तो रडत नव्हता. घरात माणसं जमली की कर्त्या माणसाला जसं कामाचंच बोलावं लागतं तसं बोलत होता.

"मावशीला सांग. आणि ऐक, ती येणार असली तर आम्ही थांबतो. बर्फाची पेटी मिळते इथं, मी सांगून ठेवलंय. आज रात्रीचं विमान मिळालं तर उद्या संध्याकाळपर्यंत येईल ना ती?"

"येईल," मी म्हणालो. "बहुतेक."

"मग झालं तर. येताना पुण्यात थांबून पातळ घेऊनच येईल. माईचं सांगणं होतं ते. सासरचं वर घालायला माझं मन होत नाही. पण लवकर कळव बाबा. आमचे काका मागं लागलेत, दिवस आहे तोवर उरका म्हणून. त्यांना थोपवायचं तर मला मावशीचा शब्द पाहिजे."

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि वळलो तर आई बोटीत चढून बसलीसुद्धा होती. बोट चालवणारा एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस तिचा हात धरून तिला बाकावर बसवत होता आणि ती त्याला "थँक्यू, थँक्यू" म्हणत होती. मला बघून तिनं हात उंचावला. "अरे ये की! तुझ्यामुळं सुटेल ना ती!"

मी चढलो. पाऊण तासाची फेरी होती. उतरल्यावर सांगू, असं मी स्वतःशी म्हटलं. बोटीत माणसांसमोर कसं सांगायचं? हे कारण खोटं नव्हतं. पण आईचा पासपोर्ट माझ्याच पाठपिशवीत होता आणि ॲम्स्टरडॅमचा विमानतळ तिथून तासाभराच्या आत होता, हेही चढताना माझ्या मनात येऊन गेलं होतं. मी पुढे टोकाला जाऊन बसलो. आई आणि मुलगी मधल्या बाकावर, माझ्याकडे तोंड करून.

मिशीवाला सुकाणू धरून मागे उभा. तो एकेक गोष्ट तीन भाषांतून सांगायचा, आधी डच, मग इंग्रजी, मग जर्मन. सुरुवातीला त्यानं सगळ्यांना गावं विचारली. मुलीनं लुडविग्सहाफेन सांगितलं तर तो नाक दाबून म्हणाला, अच्छा, म्हणजे तुम्ही आमच्याकडे श्वास घ्यायला आलात! अख्खी बोट हसली.

"काय म्हणाला गं?" आईनं विचारलं.

मुलगी भराभर जर्मनमध्ये सांगू लागली.

"अगं बाई, मराठीत! तुझ्या बापानं तुला काही दिलंय की नाही?"

"तो म्हणतो, आपण इथे लुफ्ट घ्यायला आलो. गुटं लुफ्ट. चांगली हवा."

"मग खरंच की. तुमच्याकडे गॅलरीत उभं राहिलं तरी औषधाच्या दुकानासारखा वास येतो."

एका वळणावर जुन्या चर्चचा मनोरा दिसला. तो चांगला एका अंगाला कललेला. मिशीवाला म्हणाला, कालवा बुजवून त्यावर बांधला, म्हणून कलला, पण घाबरू नका, बोट पुढे गेल्याशिवाय तो पडत नाही. मुलीनं हे मोडकंतोडकं सांगितल्यावर आई म्हणाली, "आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी पण अशीच कललीय. तिचं कुणी तिकीट लावत नाही."

मीही हसलो. हसू आलं मला. ते मी विसरू शकत नाही.

पहिला ठेंगणा पूल आला तसा मिशीवाला ओरडला, "क्योप्फं रुंटर!" डोकी खाली! सगळी माणसं गुडघ्यांवर ओणवी झाली. आईनं वाकताना सवयीनं हात जोडले. पुलाखालून बाहेर आल्यावर तिच्याच ते लक्षात आलं आणि ती नातीच्या अंगावर रेलून हसत सुटली. "मला वाटलं देवळाचा उंबरा आला." मग तिला हरिपूरची नाव आठवली. हरिपूरला संगमावर दोघी बहिणी नावेतून पलीकडे जायच्या, तेव्हाची. ती नातीला सांगू लागली. "मी पाण्यात हात घालायला वाकायची, आणि तुझी माईआजी माझी वेणी हाताला गुंडाळून बसायची. एकदा मी अशी वाकले, आणि तिनं अशी खेचली, की मानच मोडायची बाकी! म्हटलं, दुखतंय गं. तर म्हणते, बुडालीस तर जास्त दुखेल."

मी पाण्याकडे बघत बसलो होतो.

"अरे," आई मला म्हणाली, "माईला लाव की फोन. व्हिडिओ लाव. तिला दाखवू या ही नाव. म्हणावं, बघ, इथं कुणी वेणी धरायला नाही."

"नेटवर्क नाही, आई."

त्याच वेळी माझ्या हातातला फोन थरथरला.

"मग हे काय वाजतंय?"

"ऑफिसचा मेसेज आहे. फोन लागत नाहीत, मेसेज तेवढे येतात."

"शनिवारी?"

"हो."

"मेलं तुझं ऑफिस," ती म्हणाली आणि पुन्हा नातीकडे वळली.

फोन दादाचा होता. मी तो वाजू दिला. थांबला. पुन्हा वाजू लागला. त्या दोन फोनांच्या मधल्या वेळात मी काय विचार केला ते आता खरं लिहायला हवं. माझ्या मनात माई नव्हती, आईही नव्हती. माझ्या मनात बुधवार होता. आई गेली तर बुधवारी बायकोला कोण बघणार, मुलीला शाळेतून कोण आणणार, आधीच लांबवलेलं ऑपरेशन पुन्हा लांबवलं तर पुढची तारीख कधी मिळणार. व्हिसा एकाच प्रवेशाचा. मी हिशोब करत होतो, आणि मला असं वाटत होतं की हा सगळा विचार मी आईच्या भल्यासाठी करतोय. तिच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपेल का? बीपी वाढलं तर? माई काय, जायची ती गेलीच आहे. मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. आई तीन हातांवर होती. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी विचारलं नाही.

पुढे सगळ्यांत ठेंगणा पूल आला. "क्योप्फं रुंटर!" सगळे वाकले. मीही वाकलो. फोन हातात वाजतच होता. अंधार झाला, दगडांचा ओला वास आला आणि त्या अंधारात मी फोन उचलला.

"काय म्हणते मावशी?"

"आई म्हणते, थांबू नका."

वर कमानीला लागून बोटीच्या इंजिनाचा आवाज घुमत होता.

"खरंच असं म्हणाली?"

"हो. तिला झेपायचं नाही म्हणते."

"आणि पातळ?"

"तुम्हीच घाला म्हणते."

हे मला त्यानं विचारलं नसतं तर बरं झालं असतं. विचारलं, आणि मी तेही सांगून टाकलं.

"बरं," दादा म्हणाला. फोन बंद झाला. बोट उजेडात आली.

सगळ्यांनी माना वर केल्या. आईच्या केसांना कोळिष्टक लागलं होतं, मुलगी ते काढत होती. आईचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तिचं हसू थांबलं. "अरे, चेहरा कसा झालाय तुझा! डोक्याला लागलं का?"

"जरासं."

"ये इकडे." मी उठून जवळ गेलो. हलत्या बोटीत. तिनं माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, केसांतून बोटं फिरवून टेंगूळ शोधलं. ते नव्हतंच. "काही नाही," ती म्हणाली, "नुसतं दचकलास." आणि फुंकर घातली.

उतरल्यावर तिनं एका दुकानातून निळ्या नक्षीची एक फरशी घेतली, त्यावर छोटी नाव काढलेली. माईसाठी. मी ती नीट कागदात गुंडाळून घेतली.

त्या रात्री सांगावं म्हटलं तर सांगलीत सगळं उरकून गेलं होतं. आता सांगितलं तर ती विचारणार, तुला कधी कळलं? म्हणून मी रविवारी घरी पोचेपर्यंत थांबलो, म्हणजे कळायला उशीर झाला असं म्हणता येईल. परतीच्या वाटेवर एका पेट्रोलपंपाशी गाडी थांबवून आईनं सोबत आणलेल्या दशम्या सोडल्या, मला लोणचं वाढलं. मी खाल्लं.

घरी आल्यावर बायकोच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि आईला स्वयंपाकघरात बसवलं. "आई, माई गेली. काल पहाटे. आत्ता कळलं मला."

तिचा पहिला प्रश्न आला. "पातळ कुणाचं घातलं?"

"माहीत नाही."

"कधी नेलं?"

"काल संध्याकाळी."

"थांबले नाहीत?" ती म्हणाली. "माझ्यासाठी थांबले नाहीत? मला विचारलंसुद्धा नाही?"

इथे पुन्हा एकदा मला संधी होती. मी म्हणालो, "आपला फोन लागत नव्हता ना. नेटवर्क नव्हतं." तिच्या चेहऱ्यावरून दिसलं, तिला बोट आठवली. माझ्यावर विश्वास ठेवायला तिला पुरावाही मीच बोटीत देऊन ठेवला होता.

ती उठली. स्वयंपाकघराची खिडकी वरून कलती उघडी होती. आल्यापासून मी तिला बजावून ठेवलं होतं, इथे रविवारी आवाज करायचा नाही, मिक्सर लावायचा नाही, कपडे धुवायचं मशीन लावायचं नाही, खालचे लोक तक्रार करतात. तिनं ती खिडकी ओढून घट्ट बंद केली, कडी फिरवली, कडी बसली की नाही ते बघितलं. आणि मग ती रडली. तोंडात पदर कोंबून रडली. ज्या बहिणीनं तिला वाढवलं तिच्यासाठी तिला मोकळा आवाजही काढता आला नाही. मी उभा राहून बघत होतो. रड, आई, असं म्हणायचंसुद्धा मला सुचलं नाही. नंतर तिनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनीच कुकर लावला, कारण नात भुकेली होती.

बुधवारी ऑपरेशन नीट झालं. आईनं पुढे बायकोचं सगळं केलं. पेज, मुगाची खिचडी, पाठीवरून हात, मुलीचा डबा. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

दहाव्याच्या दिवशी तिनं दादाला फोन लावला. स्पीकर लावला होता, कारण हातात कणीक होती. मी शेजारी सोफ्यावर.

"झालं का रे सगळं नीट?"

"झालं, मावशी." दादाचा आवाज कोरडा होता. "तुम्ही काळजी करू नका." आयुष्यभर तो तिला अगं-तूगं करत आला होता. "तुमचं फिरणं झालं ना नीट? ते महत्त्वाचं."

आईनं कोपरानं फोन बंद केला. "ऐकलंस? मला टोमणा मारतो. बहीण माझी गेली, आणि हा मला फिरण्यावरून टोमणा मारतो."

आतून बायको म्हणाली, "अरे, दादा असं का बोलले?"

"दुःखात माणूस बोलतो काहीही," मी म्हणालो.

झालं ते एवढंच. त्यानंतर दोघांनी एकमेकांना फोन केला नाही. दोघंही मानी. मी मध्ये होतो, आणि दोघंही मला सांगायचे, तू तरी नातं ठेवलंयस.

आई परत गेली तेव्हा निळी फरशी माझ्याकडेच ठेवून गेली. ती तळघरात आमच्या कोठडीत आहे, हिवाळी टायरांच्या मागे. पुढे मी पुण्याला गेलो तर तिनं कपाट आवरायला काढलं होतं. पंचा उलगडून मला ते अंजिरी पातळ दाखवलं. "हे आता माझ्या अंगावर घाला. मला कोण आणणार माहेरचं? माझं मीच आणून ठेवलंय असं समजा." मग म्हणाली, "तुला एक सांगू? दादावर माझा राग आहे तो आहेच. पण स्वतःवर जास्त आहे. ती गेलेली होती, आणि मी त्या नावेत बसून खिदळत होते. तिच्याच गोष्टी सांगत होते. तुला तर काही ठाऊक नव्हतं रे. पण मला आतून कळायला नको होतं?"

मी पातळाची घडी घालायला तिला मदत केली.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. लग्नाचं आमंत्रण. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मावशीला आण रे. माईच्या जागी आता तीच आहे. तेव्हा नाही आली, नसेल झेपलं तिला, वय होतं. मी उगाच राग धरला. मी तिची माफी मागतो म्हणून सांग तिला. सांगशील ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलेलं नाही. काय सांगू? दादा तुझी माफी मागतो, तू आली नाहीस म्हणून त्याला राग आला होता, असं? तिनं एकच प्रश्न विचारला की सगळं उघडं पडेल. आई आता एकोणऐंशीची आहे. मागच्या रविवारी मी ठरवून फोन लावला. म्हटलं, "आई, ती बोट..." तर लगेच म्हणाली, "नको रे, ती बोट नको काढूस. तू होतास म्हणून मी त्यातून सावरले." मी तिला गोळ्या वेळेवर घे म्हणालो.

मी रोज स्वतःला सांगतो, तिच्या तब्येतीला जपतोय. बोटीतसुद्धा मी हेच सांगितलं होतं. खरं एवढंच आहे, की तिच्याजवळ आता मीच उरलोय आणि हे कळल्यावर तीही माझ्याजवळ उरायची नाही, याची मला भीती वाटते. माझ्या भीतीपायी ती स्वतःच्या बहिणीच्या नातीचं लग्न घरात बसून काढणार आहे.

हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं असं मी धरत नाही. आईला मी हे सांगायचं देणं लागतो, की दादा तुझ्यासाठी थांबायला तयार होता, तुझ्याच हातचं पातळ त्याला हवं होतं, आणि बोटीत चढायच्या आधी मला ते माहीत होतं. दादाला हे, की मावशीला कुणी विचारलंच नव्हतं. लग्नाच्या आधी सांगायला हवं. आजपर्यंत दोघांनाही सांगितलेलं नाही.